दावे सोडण्याचा दिवस

रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइन याने इ.स. ३२१ मध्ये रविवारासंबंधी दोन कायदे केले. त्यातला ७ मार्चचा पहिला कायदा पुष्कळांना माहीत असतो, कारण आज जगाच्या मोठ्या भागात जी आठवड्याची सुटी मिळते तिचा हा सर्वांत जुना सरकारी कागद. न्यायाधीशांनी, शहरवासीयांनी आणि कारागिरांनी सूर्याच्या पूजनीय दिवशी काम बंद ठेवावे, असे त्यात म्हटले आहे. शेतकऱ्याला मात्र मोकळीक होती. पेरणीचा किंवा द्राक्षवेल लावण्याचा नेमका दिवस तोच असू शकतो, आणि वाफसा काही वार बघून येत नाही, हे सम्राटाच्या कारकुनांना कळत होते.

दुसरा कायदा ३ जुलैचा. चार महिनेही झाले नव्हते, तोवर कुठेतरी अडचण आलेली दिसते. न्यायालये बंद, म्हणजे तिथे होणारे सगळेच व्यवहार बंद. गुलामाला मुक्त करण्याचा विधीही अधिकाऱ्यापुढेच होत असे आणि त्याची नोंद लागे. तेव्हा सम्राटाने खुलासा केला : या दिवशी भांडणे आणि खटले शोभत नाहीत हे खरे, पण गुलाम मुक्त करणे किंवा मुलाला पित्याच्या कायदेशीर ताब्यातून मोकळे करणे, ही कामे रविवारी खुशाल व्हावीत आणि त्यांची नोंद घेण्यास कोणी आडकाठी करू नये.

या दोन्ही कायद्यांत ख्रिस्ताचे नाव नाही. दिवसाचे नावही सूर्याचेच, आपल्या रविवारासारखे. (गोव्यातला कोकणी ख्रिस्ती आजही या दिवसाला ‘आयतार’ म्हणतो, म्हणजे आदित्याचाच वार, पोर्तुगीजांचा ‘प्रभूचा दिवस’ असा अर्थ असलेला ‘दोमिंगो’ त्याच्या बोलीत रुजला नाही.) कॉन्स्टन्टाइनच्या मनात धर्म किती आणि राजकारण किती, हा वाद इतिहासकारांनी भरपूर केला आहे, मला त्यात शिरायचे नाही. माझे लक्ष जुलैच्या कायद्यावर आहे. ज्या दिवशी काहीही करायचे नाही त्या दिवशी एक गोष्ट मात्र करता येते, आणि ती म्हणजे बांधलेल्याला सोडणे. हा अपवाद वाचताना मला तो अपवाद वाटत नाही. शब्बाथाची आज्ञा मुळात याचसाठी होती, आणि ख्रिस्ती परंपरेत या दिवसावरून जी भांडणे झाली ती सगळी फिरून याच प्रश्नाशी येतात : आज कोणाला सोडायचे?

आधी मूळ आज्ञा पाहू. बायबलमध्ये दहा आज्ञा दोनदा येतात आणि शब्बाथाचे कारण दोन्हीकडे वेगळे दिले आहे. निर्गमाच्या पुस्तकात कारण विश्वाच्या उत्पत्तीचे आहे : देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. अनुवादाच्या पुस्तकात सृष्टीचा उल्लेख नाही. तिथे कारण मिसर देशातल्या गुलामगिरीचे आहे. तुमच्या दासाला आणि दासीला तुमच्यासारखाच विसावा मिळावा, आणि तुम्हीही एकेकाळी दास होता हे आठवावे, म्हणून हा दिवस. दोन्हीकडे कोणी काम करायचे नाही याची यादी आहे आणि ती खाली उतरत जाते : तू, मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, गुरेढोरे, वेशीच्या आतला परका. निर्गमात आणखी एके ठिकाणी तर बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा, दासीच्या मुलाला आणि परक्याला दम घेता यावा, एवढाच या दिवसाचा हेतू सांगितला आहे. तिथे मालकाच्या विसाव्याचा विचारच नाही.

मराठी मुलखाला हे फार जवळून पाहायला मिळाले आहे. कुलाब्याकडच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या गावांत बेने इस्राएल तेलाचा धंदा करत. शनिवारी त्यांचे घाणे बंद असत. शेजाऱ्यांना त्यांचे धर्मग्रंथ ठाऊक नव्हते, पण शनिवारी यांचा बैल फिरत नाही एवढे दिसत होते. म्हणून त्यांनी नाव पाडले ‘शनवार तेली’. जे तेली महादेवाच्या वारी बैल जुंपत नसत ते ‘सोमवार तेली’. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरांत ही नावे सापडतात. एका अख्ख्या समाजाची ओळख त्याच्या मोकळ्या बैलावरून पटावी, याहून शब्बाथाची चांगली व्याख्या मला ठाऊक नाही. ज्याच्या घरी पोळा होतो त्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

आता नियम घट्ट कसे होत गेले ते. ख्रिस्तपूर्व १६७च्या सुमारास अंतियोख राजाच्या सैन्याने यहुदियाच्या रानात लपलेल्या धर्मनिष्ठ यहुद्यांवर शब्बाथाच्या दिवशी हल्ला केला. त्यांनी दगडही उचलला नाही, गुहांची तोंडेही बंद केली नाहीत. बायकामुलांसह हजारभर माणसे मेली, असे मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात नोंदले आहे. बातमी आल्यावर मत्तथ्या आणि त्याच्या साथीदारांनी बसून विचार केला आणि ठरवले की शब्बाथाला कोणी चालून आले तर लढायचे. नाहीतर पाळणारेच उरणार नाहीत. नियम सर्वांत कडक असल्याच्या काळातच, नियम पाळणाऱ्यांनीच, जीव वाचवण्यासाठी तो बाजूला ठेवला, हे इथे लक्षात ठेवायला हवे. कारण पुढे ख्रिस्ती उपदेशकांनी एक सोपी गोष्ट रचली : यहुदी म्हणजे कर्मठ, येशू म्हणजे दयाळू. ही गोष्ट लहानपणापासून कानांवर पडत आली, आणि इतिहास वाचू लागल्यावर ती टिकत नाही.

यहुद्यांमध्येच किती मते होती ते पाहा. मृत समुद्राजवळच्या पंथाशी जोडल्या जाणाऱ्या दमास्कस लेखात म्हटले आहे की शब्बाथाला जनावर खड्ड्यात पडले तर ते वर काढू नये. शम्मयाच्या शाळेचे मत असे की शब्बाथाला शोकग्रस्ताचे सांत्वन करू नये, आजाऱ्याच्या भेटीला जाऊ नये. हिल्लेलची शाळा म्हणे, जावे. इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात कामाचे एकोणचाळीस प्रकार वर्ज्य सांगितले आहेत, पण त्याच मिश्नात असेही आहे की ज्याचा घसा दुखतो आहे त्याच्या तोंडात शब्बाथाला औषध घालावे, कारण त्यात जिवाला धोका असू शकतो, आणि धोक्याची नुसती शंका असली तरी शब्बाथ मागे सरतो. रब्बी शिमोन बेन मनस्या यांचे म्हणणे असे नोंदले आहे की शब्बाथ माणसांच्या हाती सोपवला आहे, माणसे शब्बाथाच्या हाती सोपवलेली नाहीत. मार्कच्या शुभवर्तमानात येशू कणसे मोडण्याच्या प्रसंगी जे बोलतो ते याच्या इतके जवळचे आहे की दोघे एकाच अंगणात वाढले हे उघड दिसते. होशेय संदेष्ट्याचा दाखला देऊन देवाला यज्ञापेक्षा दया हवी असते असे तो म्हणतो, तेव्हाही त्याच्या हातात यहुद्यांचाच ग्रंथ असतो.

मग येशूचे वेगळेपण कुठे? माझ्या मते ते लूकच्या तेराव्या अध्यायातल्या वाकलेल्या बाईच्या प्रसंगात सर्वांत स्पष्ट होते, आणि तो प्रसंग आपण फार घाईने वाचतो.

शब्बाथाचा दिवस, सभास्थान भरलेले. एक बाई आली. अठरा वर्षे ती कमरेतून वाकलेली, तिला ताठ उभे राहता येत नव्हते. तिने काही मागितले नाही. येशूने तिला पाहिले, हाक मारली, तू मोकळी झालीस असे सांगितले आणि हात ठेवले. ती सरळ उभी राहिली. सभास्थानाचा अधिकारी संतापला, पण येशूला काही न बोलता लोकांना म्हणाला, कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवसांत येऊन बरे व्हा.

उपदेशांत या अधिकाऱ्याला खलनायक करून टाकतात. मला त्याचे म्हणणे अजिबात मूर्खपणाचे वाटत नाही. बाईच्या जिवाला धोका नव्हता. अठरा वर्षे काढली, तिथे सूर्य मावळेपर्यंतचे काही तास तिला जड नव्हते. आणि एकदा जुन्या दुखण्यांवर उपचार सुरू झाले की बरे करणाऱ्याचे दुकान सातही दिवस उघडे राहणार, त्याच्या नोकरालाही यावे लागणार. कोणत्याही कामगार संघटनेला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. सुटीला भोके पडतात ती अशाच रास्त कारणांनी.

येशूचे उत्तर या युक्तिवादाला बगल देत नाही. ते गोठ्यातून येते. तुमच्यातला प्रत्येक जण शब्बाथाला बैल किंवा गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेत नाही का? मग अब्राहामाच्या या लेकीला, जी अठरा वर्षे बांधलेली होती, याच दिवशी सोडायला नको का? मूळ ग्रीकमध्ये बैल सोडणे आणि बाईला सोडणे यांना एकच क्रियापद आहे. त्या एकोणचाळीस वर्ज्य कामांत गाठ बांधणे आणि गाठ सोडणे ही दोन्ही कामे आहेत. त्यामुळे ‘सोडणे’ हा शब्द तिथे सहज आलेला नाही, तो वादाच्या मुळावर बोट ठेवतो. दाव्याची गाठ सोडणे हे काम असले तरी तहानलेल्या बैलासाठी ते सगळेच करत होते.

जीव जात असेल तर शब्बाथ मोडावा, यावर बहुतेकांचे एकमत होते. येशू त्याच्या पुढे जातो. वाळलेल्या हाताचा माणूस, जलोदर झालेला माणूस, बेथेस्दाच्या तळ्याकाठी पडून असलेला अडतीस वर्षांचा रोगी, जन्मांध : यांपैकी एकालाही तातडी नव्हती. सगळे उद्यापर्यंत थांबू शकत होते, आणि आयुष्यभर त्यांना तेच सांगण्यात आले होते. दयेला घाई का, या प्रश्नावर येशूचे म्हणणे असे दिसते की या कामासाठी हाच दिवस सर्वांत योग्य आहे. शब्बाथ असूनही तिला सोडायचे असे तो म्हणत नाही. शब्बाथ आहे म्हणूनच सोडायचे. अनुवादाच्या पुस्तकातले कारण, मिसरातल्या दास्याची आठवण, तो पुन्हा पुढे आणतो.

आपल्या भाषांनाही हे कळलेले असावे. ‘सुटी’ हा शब्द सुटण्यावरून आला. हिंदीत छुट्टी, बंगालीत छुटि, तीही सुटकेवरूनच. ‘रजा’ वेगळी, ती अरबीतून आलेली, तिच्यात दुसऱ्याची मर्जी आहे. मालक देतो ती रजा. हा फरक कचेरीत अर्ज लिहिताना कोणी करत नाही, पण शब्दांनी तो धरून ठेवला आहे.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना ना सुटी होती ना रजा. इ.स. ११२च्या सुमारास धाकटा प्लिनी हा बिथिनियाचा कारभारी सम्राट त्राजानला लिहितो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात. उजाडण्यापूर्वी का, हे समजणे कठीण नाही. उजाडल्यावर कामावर जायचे असे. त्यांच्यात दासदासी होत्या. अशाच दोन दासींचा छळ करून आपण माहिती काढली, हेही प्लिनी निर्विकारपणे नमूद करतो. पन्नासेक वर्षांनी रोममध्ये जस्टिन हा लेखक रविवारच्या मेळाव्याचे वर्णन करतो : वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर, आणि शेवटी वर्गणी, ती अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांच्यासाठी. विसाव्याबद्दल तो अक्षर लिहीत नाही. प्रभूच्या दिवसाची जुन्यातली जुनी ख्रिस्ती चित्रे पाहिली तर त्यांत काम बंद नाही, दान मात्र आहे.

कॉन्स्टन्टाइननंतर चित्र पालटले. रविवार सरकारी झाला आणि सरकारी गोष्टीला नियम फुटतात. तरी इ.स. ४०९ मधला होनोरियस आणि थिओडोसियस यांचा एक कायदा मला फार मोलाचा वाटतो. न्यायाधीशांनी दर रविवारी कैद्यांना बाहेर आणून विचारावे की तुरुंगाचे पहारेकरी तुम्हाला माणसासारखे वागवतात का. ज्यांच्याजवळ खायला नाही त्यांना अन्न मिळावे. पहाऱ्यात का होईना, त्यांना आंघोळीला न्यावे. हे होते की नाही याची आठवण न्यायाधीशांना बिशपांनी करून द्यावी. त्या एका दिवशी न्यायाधीश न्यायासनावर न बसता कोठडीच्या दाराशी उभा राहावा अशी ही व्यवस्था. ती कितपत अमलात आली असेल ती असो. तशी कल्पना कोणाला तरी सुचली आणि तिचा कायदा झाला.

दुसरीकडे रविवार हळूहळू जुन्या शब्बाथासारखा कडक करण्याची हौसही वाढत होती. इ.स. ५३८ मध्ये ऑर्लेआंच्या धर्मसभेला सांगावे लागले की रविवारी घोड्यावर वा गाडीतून जाऊ नये, स्वयंपाक करू नये, घर झाडू नये ही समजूत चुकीची आहे. शेतीची कामे मात्र तिने बंद केली. कॉन्स्टन्टाइनने दिलेली वाफशाची सवलत गेली. पोप ग्रेगरीने इ.स. ६०३च्या सुमारास रोमच्या नागरिकांना कळवले की शरीराला गरज असेल तर रविवारी आंघोळ करायला हरकत नाही. पोपला आंघोळीवर पत्र लिहावे लागते तेव्हा कर्मठपणा कुठवर पोचला होता याची कल्पना येते. आणि गंमत अशी की ऑर्लेआंच्या सभेने या अतिरेकाला नाव दिले ‘यहुदी’. आपलीच कर्मठता शेजाऱ्याच्या नावावर टाकण्याची ही सोय पुढे हजार वर्षे चालली.

मध्ययुग मी ओलांडतो. संतांच्या सणांनी वर्ष भरलेले होते, त्यामुळे एकट्या रविवारावर फारसा भार नव्हता. तो भार पडला इंग्लंडमध्ये, प्रॉटेस्टंट सुधारणेनंतर. १५९५ साली निकोलस बाउंड या धर्मगुरूचे शब्बाथावरचे पुस्तक निघाले आणि प्युरिटन मंडळींनी रविवार म्हणजेच चौथ्या आज्ञेतला शब्बाथ, पूर्ण दिवसभर पाळायचा, हे मत उचलून धरले. १६१७ मध्ये राजा जेम्स लँकशरमधून जात असता तिथल्या लोकांनी गाऱ्हाणे केले की रविवारी उपासनेनंतरही आम्हाला खेळू देत नाहीत. पुढच्या वर्षी राजाने देशभर जाहीरनामा काढला : चर्चमधून आल्यावर नाच, तिरंदाजी, उड्या, मे महिन्याचे खेळ यांना मोकळीक. राजाचा एक मुद्दा बिनतोड होता. आठवडाभर राबणाऱ्या माणसाने रविवारी खेळायचे नाही तर कधी? चार्ल्सने १६३३ मध्ये तोच जाहीरनामा पुन्हा काढला, आणि १६४३ मध्ये पार्लमेंटने तो जाहीरपणे जाळायला लावला.

इथे राजा दयाळू आणि प्युरिटन कठोर, अशी वाटणी करण्याचा मोह होतो. पण राजाला तगडे सैनिक हवे होते, हे जाहीरनाम्यातच आहे. आणि मालकाने नोकराला रविवारी खरोखर विसावा द्यावा, यावर प्युरिटन लेखकांचा जोर होता. आज्ञेतली दास-दासींची यादी ते विसरले नव्हते. त्यांनी नाताळसकट सगळे सण रद्द केले तेव्हा शिकाऊ कारागीर आणि नोकर चिडले, कारण धर्मशुद्धीच्या नावाखाली त्यांच्या सुट्या गेल्या होत्या. अखेर १६४७ मध्ये पार्लमेंटला त्यांच्यासाठी दर महिन्याचा दुसरा मंगळवार सुटीचा म्हणून जाहीर करावा लागला. त्या मंगळवाराला कोणताही संत नव्हता, कोणतीही आज्ञा नव्हती. तो नुसता दम घेण्याचा दिवस होता, आणि निर्गमातल्या दासीच्या मुलाला तो चालला असता.

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला वर्गाचा रंग उघडपणे चढला. १८३१ मध्ये लंडनला प्रभूचा दिवस पाळण्यासाठी एक संस्था निघाली. तिच्या संस्थापकांतले डॅनियल विल्सन पुढच्याच वर्षी कलकत्त्याचे बिशप झाले. त्याच सुमारास सर अँड्र्यू अ‍ॅग्न्यू या खासदाराने रविवारी जवळजवळ सर्व काही बंद करणारी विधेयके पुन्हापुन्हा मांडली. चोवीस वर्षांच्या चार्ल्स डिकन्सने १८३६ मध्ये टोपणनावाने एक पुस्तिका लिहून त्यांचा समाचार घेतला. त्याचा राग धर्मावर नव्हता, यादीवर होता. गरिबाच्या घरी मोठी भट्टी नसे. तो रविवारचे जेवण भाजायला बेकऱ्याकडे देई. विधेयकाने बेकऱ्याचे दुकान बंद होणार होते, पण घरगुती नोकर त्यातून वगळले होते. श्रीमंताचा स्वयंपाकी, मोतद्दार, गाडीवान यांनी रविवारी राबावे यात विधेयक मांडणाऱ्यांना काही वावगे दिसले नाही. आज्ञेने ज्यांची नावे घेऊन सांगितले होते, नेमके तेच वगळले गेले.

हाच रविवार जहाजातून आपल्याकडे आला. १७९९ मध्ये वेलस्लीने कलकत्त्याच्या वर्तमानपत्रांवर जे निर्बंध घातले त्यांत रविवारी अंक काढायचा नाही हाही एक होता. अमेरिकन मराठी मिशनचे लोक न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेतले, म्हणजे प्युरिटनांचेच वंशज. १८३१ पासून त्यांचे अहमदनगरला ठाणे होते. माझे आजोळ तिकडचे. आजीच्या घरी रविवारी सुईदोरा हातात घ्यायचा नाही, पत्ते नाहीत, सिनेमा तर नाहीच. भांडी घासायला येणाऱ्या बाई मात्र रविवारीही येत, उलट पाहुण्यांमुळे त्या दिवशी भांडी जास्त असत. ते काम आहे असे घरात कोणाला वाटत नसे.

सरकारी कचेऱ्या रविवारी बंद आणि गोरा साहेब चर्चमध्ये, पण १८५६ पासून सुरू झालेल्या मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या मजुराला त्यातले काही मिळाले नाही. रविवारी सूत निघत नसे तेव्हा यंत्रांची सफाई असे, आणि ती मजुरालाच करावी लागे. यंत्राला विसावा होता. निर्गमातल्या यादीत यंत्र नाही. १८८१च्या कायद्याने मुलांना महिन्याला चार सुट्या दिल्या, मोठ्यांना काहीच नाही. हिंदी गिरण्यांच्या तासांवर बंधने यावीत यासाठी इंग्लंडमध्ये सर्वांत मोठा आवाज मँचेस्टरच्या गिरणीमालकांचा होता. ती दया होती की धंद्याची चढाओढ, हे मुंबईचे मालक विचारत आणि तेवढ्यापुरते त्यांचे बरोबरही होते.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे दोन्ही आवाज बाजूला ठेवले. सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक, सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मजुरांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. पहिली मागणी रविवारच्या सुटीची. पुढे दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद, वेळेवर पगार, जखमी मजुराला भरपाई. रविवार साहेबाचा, तो तुम्हाला कशाला, या प्रश्नावर त्यांनी रविवार हा खंडोबाचा वार आहे असे उत्तर दिल्याचे सांगतात. मला हे उत्तर फार आवडते. ख्रिस्ती दिवसाचा अर्थ त्या दिवशी मुंबईतल्या कोणत्या ख्रिस्ती माणसाहून खंडोबाच्या भक्ताला जास्त कळलेला होता : वार कोणत्या देवाचा हे नंतर, आधी जुंपलेल्याला सोडा. तुमच्या लोकांना सण काय थोडे आहेत, हा मालकांचा युक्तिवाद म्हणजे तर सभास्थानाच्या अधिकाऱ्याचीच नवी आवृत्ती. दुसरे दिवस आहेत की!

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या सभेत दोन मजूर स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली, आणि पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्यात ती आली.

त्या महालक्ष्मीच्या सभेत बोललेल्या दोघींचा पुढचा रविवार कसा गेला असेल, याचा मी विचार करतो. गिरणी बंद, पण चूल चालू. मूळ आज्ञेची यादी पुन्हा वाचली तर तिच्यात मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, परका सगळे आहेत, बायको नाही. ‘तू’ या शब्दातच ती धरली आहे, असे भाष्यकार म्हणतात. असेल.

मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशू सभास्थानातून निघून शिमोनाच्या घरी येतो. शिमोनाची सासू तापाने पडलेली असते. तो तिचा हात धरून तिला उठवतो, ताप उतरतो आणि ती त्यांची सेवा करू लागते. तो शब्बाथाचा दिवस आहे. गावातले इतर लोक आपल्या आजाऱ्यांना घेऊन दाराशी येतात ते नियमाप्रमाणे सूर्य मावळल्यावर, आणि तोवर घरातली म्हातारी उठून कामाला लागलेली असते.